नवे शटर पुन्हा पुन्हा का लोंबते? ओट्याखालची दारे आणि ड्रॉवरचे फ्रंट: समस्या निवारण

स्वयंपाकघराचे रूप पालटण्यासाठी आतले खोके, म्हणजे कपाटांचे सांगाडे, तसेच ठेवून फक्त शटर (कपाटाची दारे) आणि ड्रॉवरचे फ्रंट बदलणे हा चांगला मार्ग आहे. खर्च कमी लागतो, ओटा फोडावा लागत नाही आणि घर दोन दिवसांत पुन्हा वापरात येते. मी चिपळूण आणि आसपासच्या गावांत अनेक वर्षे हेच काम करतो आहे. या कामानंतर येणारी तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते: बसवताना सरळ असलेले शटर दोन-चार महिन्यांत एका बाजूने खाली येते, कोणीतरी स्क्रू फिरवून ते सरळ करून जाते आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा खाली येते. दोष बहुतेक वेळा नव्या शटरमध्ये नसून ते ज्या जुन्या फळीला धरून आहे त्या फळीत असतो, हे मला पटेपर्यंत बरीच शटरे माझ्या हाताखालून गेली. त्यामुळे खालची तपासणी शटरपासून सुरू होत असली तरी ती खोक्यापर्यंत जाते.

आधी लक्षणे नीट पाहावीत

दोन शटर समोरासमोर मिटत असतील, तर त्यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत पाहावी. ती साधारण 3 मिलिमीटर आणि सारखी असावी. मोजण्यासाठी 1 मिलिमीटर जाडीच्या सनमायकाचे तीन तुकडे एकत्र धरून फटीत घालावेत. हे माप कोणत्याही सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांत मिळते. फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल, वरचे कोपरे एकमेकांना घासत असतील आणि हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा स्कर्टिंगला (खोक्याखालच्या आडव्या फळीला) टेकत असेल, तर शटर खरोखर लोंबले आहे. वरची बिजागरी सैल होऊन शटर तिथे बाहेर ओढले गेले, की फटीला असा आकार येतो.

फट वरून खाली सारखीच, पण गरजेपेक्षा जास्त किंवा कमी असेल, तर ते लोंबणे नव्हे. तिथे बिजागरीचा प्रकार किंवा शटरचे माप चुकलेले असते आणि हा दोष पहिल्या दिवसापासून दिसतो. शटर मिटल्यावर एक कोपरा बाहेर राहत असेल, तर शटरला बाक आलेला असतो किंवा खोका पिळलेला असतो. शटर मिटून पुन्हा बोटभर उघडत असेल, तर आधी आतल्या ट्रॉलीतले पातेले त्याला आडवे येते आहे का ते पाहावे. उघडताना प्रत्येक वेळी 'टक' असा आवाज येत असेल, तर कुठला तरी स्क्रू जागेवर हलतो आहे. ड्रॉवरच्या बाबतीत फ्रंट तिरका दिसणे, हँडल ओढल्यावर फ्रंट डुगडुगणे किंवा ड्रॉवर शेवटच्या बोटभर अंतरात अडकणे ही लक्षणे असतात.

काहीही फिरवण्यापूर्वी शटरच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख आणि वरची-खालची फट लिहून ठेवावी. तीन महिन्यांनी तोच दोष परत आला की नवाच आला, हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही.

पहिली तपासणी: एका बोटाने उचलून पाहणे

याला कोणतेही हत्यार लागत नाही. शटर अर्धे उघडावे आणि हँडलच्या बाजूने खालून एका बोटाने हलकेच उचलावे. दुसरी व्यक्ती असेल, तर तिने त्याच वेळी वरच्या बिजागरीकडे टॉर्च धरावी. हालचाल नेमकी कुठे होते, हे या एका कृतीत कळते. शटरमध्ये गोल खाच करून बसवलेला कप हलत असेल, तर दुरुस्ती शटरची आहे. कप आणि खोक्याच्या फळीला स्क्रूने बसवलेली बिजागरीची पट्टी दोन्ही घट्ट असून मधला हात हलत असेल, तर बिजागरीचा स्क्रू सैल आहे किंवा तिचा खिळा झिजला आहे. पट्टी स्वतःच फळीपासून सुटून पुढे येत असेल, तर फळीतले छिद्र गेले आहे. तिन्ही जागा घट्ट असून सगळी फळीच हलत असेल, तर शटरला हात न लावता थेट खोक्याच्या तपासणीकडे जावे.

घाईत ही पायरी वगळून लोक थेट स्क्रू फिरवतात. स्क्रू फिरवल्याने शटर सरळ दिसू लागते आणि मूळ सैलपणा झाकला जातो, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी.

दुसरी तपासणी: घट्ट करणे, पण हाताने

बिजागरीच्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावर चौफुलीची खाच असते आणि तिला दोन नंबरचा पेचकस नीट बसतो. लहान किंवा झिजलेला पेचकस खाचेतून निसटून खाच गोल करतो आणि मग स्क्रू काढणेही कठीण होते. ड्रिल मशीन वापरू नये. पार्टिकल बोर्डमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत) मशीनचा एक जादा फेरा आटे तोडायला पुरतो, आणि ते तुटल्याचे मशीन धरणाऱ्याला जाणवतही नाही. हाताने फिरवताना मात्र मनगटाला नेमके कळते. स्क्रू हळूहळू जड होत थांबला, तर फळीने त्याला धरले आहे. तो घट्ट न होता नुसता फिरत राहिला, तर आटे गेले आहेत. फिरवणे तिथेच थांबवावे.

बिजागरी दाबून बसणारी असेल, तर तिचा हात पट्टीवर पूर्ण बसला आहे का तेही पाहावे. शटर धुण्यासाठी काढून पुन्हा लावले असेल, तर वरची बिजागरी अर्धवट बसलेली सापडते आणि ती दाबताच काम संपते.

तिसरी तपासणी: बिजागरीची तीन समायोजने

आजच्या कप बिजागरीला तीन दिशांची समायोजने असतात. पुढचा स्क्रू शटर डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा स्क्रू शटर खोक्याजवळ किंवा दूर नेतो आणि पट्टीवरचे स्क्रू सैल केले की शटर वर-खाली होते. आधी उंची, मग खोक्यापासूनचे अंतर आणि शेवटी डावे-उजवे असा क्रम ठेवावा, कारण उंची बदलली की फटीही बदलतात. लोंबलेल्या शटरसाठी वरच्या बिजागरीचा पुढचा स्क्रू पाव फेरा फिरवून शटर मिटून पाहावे, आणि फट वर उघडेपर्यंत पुन्हा पाव फेरा द्यावा. दिशा प्रत्येक बिजागरीत सारखी नसते, म्हणून पहिल्या पाव फेऱ्यानंतर पाहणे आवश्यक असते.

या समायोजनाचा एकूण वाव जेमतेम दोन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे एवढाच असतो. स्क्रू टोकाला पोचूनही फट सरळ होत नसेल, किंवा सरळ झालेली फट महिन्याभरात पुन्हा बिघडत असेल, तर दोष समायोजनाचा नाही. असा स्क्रू वर्षातून चार वेळा फिरवणाऱ्या घरांत खरी दुरुस्ती तेवढी पुढे ढकलली जाते आणि छिद्र मोठे होत राहते.

चौथी तपासणी: वजन आणि बिजागऱ्यांची संख्या

जुने शटर हलके आणि नवे जड, हे कारण मला फार वेळा सापडले आहे. 60 सेंटिमीटर रुंद, 72 सेंटिमीटर उंच आणि 18 मिलिमीटर जाड एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचे) शटर साधारण पावणेसहा किलोचे होते. तेच एचडीएचएमआरमध्ये, म्हणजे ओलाव्याला टिकणाऱ्या अधिक दाट बोर्डात, साडेसहा किलोच्या आसपास जाते, आणि वर काच किंवा ॲक्रिलिकचा थर आला तर आणखी भर पडते. शंका असेल, तर शटर काढून माणसे ज्यावर वजन करतात त्या साध्या काट्यावर ठेवून पाहावे.

नुसत्या वजनापेक्षा वजन कुठे लटकते आणि बिजागऱ्या एकमेकींपासून किती लांब आहेत, याला अधिक महत्त्व आहे. सहा किलोच्या आणि 60 सेंटिमीटर रुंदीच्या शटरचे वजन बिजागरीपासून 30 सेंटिमीटरवर लटकते. दोन बिजागऱ्यांत 50 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीला बाहेर ओढणारा जोर सुमारे साडेतीन किलो होतो. तेच अंतर 25 सेंटिमीटर असेल, तर तो सात किलोंच्या वर जातो. शटर मिटलेले असताना, म्हणजे दिवसाचे बहुतेक तास, हा जोर पट्टीच्या स्क्रूला फळीतून सरळ उपटण्याच्या दिशेने काम करतो. म्हणूनच उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असलेली शटरे आधी लोंबतात, आणि म्हणूनच दोषी बिजागरी नेहमी वरचीच निघते.

सर्वसाधारण रुंदीच्या शटरला 90 सेंटिमीटर उंचीपर्यंत दोन, 160 सेंटिमीटरपर्यंत तीन आणि 200 सेंटिमीटरपर्यंत चार बिजागऱ्या हा प्रघात आहे. शटर जड असेल, तर एक वाढवावी. वाढीव बिजागरी मध्यावर न लावता वरच्या बिजागरीच्या जवळ लावावी, कारण ओढ तिथेच असते. कपाची खाच 35 मिलिमीटर व्यासाची आणि साधारण 12 मिलिमीटर खोल असते. ती हाताने कोरता येत नाही. तिच्यासाठी मिळणारे खास गोल बिट हवे. ते नसेल, तर हे काम सुताराकडून करून घ्यावे, कारण खाच जास्त खोल गेली तर पुढच्या बाजूला फुगवटा दिसू शकतो.

पाचवी तपासणी: क्रँक जुळतो का

क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक. शटर फळीची पूर्ण जाडी झाकत असेल तर 0 क्रँक, दोन शटर एकाच मधल्या फळीवर येत असतील तर 8 क्रँक आणि शटर खोक्याच्या आत बसत असेल तर 16 क्रँक, अशी दुकानातली भाषा आहे. काही कंपन्या आठऐवजी नऊ असा आकडा देतात. जुन्या कामात मधल्या फळीवर 8 क्रँक असताना नव्या शटरसोबत सगळ्या 0 क्रँकच्या बिजागऱ्या आल्या, तर दोन शटरांचे कडेला भांडण होणारच. इथे स्क्रू फिरवण्यात वेळ घालवू नये; बिजागरी बदलणे हाच स्वस्त उपाय आहे.

सहावी तपासणी: फळीतले छिद्र

या तपासणीवर मी सर्वांत जास्त वेळ देतो. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा कितीतरी स्वयंपाकघरे ओट्यापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर अनेकांनी फुगलेली शटरे टाकून दिली आणि वरून कोरडे दिसणारे खोके ठेवले, जे त्या वेळच्या अडचणीत अगदी समजण्यासारखे होते. अशाच एका घरात पुढच्या वर्षी चकचकीत नवी शटरे बसली आणि एकाच पावसाळ्यात तीन वेळा लोंबली. दोन वेळा मी समायोजन करून आलो. तिसऱ्या वेळी पट्टीचा स्क्रू पेचकसाऐवजी दोन बोटांनी धरून ओढला, तर तो सरळ बाहेर आला. त्याच्या आट्यांत ओलसर, तांबूस भुसा भरला होता आणि छिद्रात काडी घातल्यावर ती फळीच्या दुसऱ्या बाजूच्या सनमायकापर्यंत विनाअडथळा गेली. बाहेरून फळी कोरडी आणि गुळगुळीत होती. तेव्हापासून कोणतेही शटर बदलण्यापूर्वी मी प्रत्येक खोक्यातला एक तरी स्क्रू काढून त्याचे आटे पाहतो.

आट्यांत कोरडी, फिकट भुकटी असेल आणि छिद्राभोवतीची फळी नखाने दाबल्यावर कडक लागत असेल, तर दुरुस्ती घरी होऊ शकते. पट्टी काढावी, छिद्र 8 मिलिमीटरच्या बिटने साफ करावे आणि 18 मिलिमीटरच्या फळीत 13 मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये म्हणून बिटला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळावी. छिद्रात पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद घालून कठीण लाकडाची 8 मिलिमीटरची खुंटी ठोकावी, वर आलेला भाग सपाट कापावा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. दुसऱ्या दिवशी मधोमध अडीच मिलिमीटरचे बारीक छिद्र पाडून जुन्याच मापाचा, साधारणपणे 4 मिलिमीटर जाड आणि 16 मिलिमीटर लांब स्क्रू हाताने बसवावा. आधी बारीक छिद्र पाडले नाही, तर खुंटी उभी फुटते आणि सगळे काम वाया जाते.

आगपेटीच्या काड्या आणि गोंद भरण्याचा उपाय सर्वांना माहीत आहे. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री तो चालतो, पण जड शटरला तो पावसाळाभर पुरत नाही. लांब किंवा जाड स्क्रू घालणे मात्र पूर्णपणे टाळावे. लांब स्क्रू शेजारच्या खोक्यात टोक काढतो आणि जाड स्क्रू बोर्डाचे थर आतून उकलतो. छिद्रे फार मोठी झाली असतील, तर बिजागरीची पट्टी जिच्यावर बसते अशी स्टीलची दुरुस्ती-पट्टी मिळते. ती जुन्या छिद्रांपासून दूरच्या, घट्ट जागी स्क्रूने धरते, आणि म्हणूनच ती टिकते.

जुन्या घरांत ओट्याखाली लाकडी खोका नसून कडप्प्याच्या उभ्या फरशा असतात आणि शटर त्यांवर बसवलेल्या लाकडी पट्टीला लावलेले असते. अशा ठिकाणी बिजागरी घट्ट असूनही लाकडी पट्टी गिट्टीतून (दगडातल्या भोकात बसवलेल्या, स्क्रू धरणाऱ्या खुंटीतून) सुटलेली असते. पट्टी हाताने हलवून पाहावी. गिट्टी बदलायची असेल, तर ड्रिल मशीन हॅमरवर न ठेवता साध्या फिरतीवर ठेवून, दगडाच्या बिटने आणि काठापासून अंतर राखून भोक पाडावे, कारण कडप्पा थरांत सुटतो आणि काठाची कपची निघाली की ती परत जोडता येत नाही.

ड्रॉवरचे फ्रंट

ड्रॉवरचा फ्रंट म्हणजे आतल्या पेटीला पुढून जोडलेली फळी. तो डुगडुगत असेल, तर आधी हँडलचे स्क्रू पाहावेत. हँडलचा स्क्रू पेटीची पुढची बाजू आणि फ्रंट या दोन्हींतून जात असेल आणि पेटी 12 व फ्रंट 18 मिलिमीटरचा असेल, तर 30 मिलिमीटर तिथेच संपतात. सोबत आलेला 25 मिलिमीटरचा स्क्रू पोचतच नाही. 35 ते 40 मिलिमीटरचा स्क्रू घेतला की बहुतेक डुगडुग जाते. तिरका फ्रंट सरळ करण्यासाठी आतले स्क्रू सैल करावेत, दोन्ही बाजूंना सनमायकाचे तीन-तीन तुकडे धरून फट बसवावी आणि फ्रंट दाबून धरून आतून स्क्रू आवळावेत.

ड्रॉवर अडकत असेल, तर ते चॅनेलचे, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांचे, काम आहे. साध्या बॉल बेअरिंगच्या चॅनेलला पेटीच्या प्रत्येक बाजूस अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर जागा लागते. खोक्याची आतली रुंदी पुढे आणि मागे मोजावी. मागे ती दीड-दोन मिलिमीटरने कमी भरली, तर फळी फुगली आहे आणि चॅनेल दाबले जाते आहे. तेल टाकून त्याला फरक पडत नाही, उलट तेलावर पीठ आणि धूळ साचते.

सर्वांत अवघड: खोका गुण्यात (काटकोनात) आहे का

वरचे सगळे ठीक असूनही शटर वाकडे दिसत असेल, तर खोक्याच्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन मापांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर खोका गुण्यातून गेला आहे आणि त्याच्यावर कोणतेही शटर सरळ दिसणार नाही. खाली फिरवता येणारे प्लॅस्टिकचे पाय असतील, तर स्कर्टिंग काढून लेव्हल ठेवावी आणि खचलेला पाय थोडा थोडा वर घ्यावा. सिंकच्या खोक्याचा मागचा पाय सर्वप्रथम पाहावा. तिथे ठिबकणारे पाणी पायाभोवतीचा बोर्ड मऊ करते आणि वजन त्यात रुतते.

शटरचा बाक पाहण्यासाठी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी त्याच्या उंचीवर उभी धरावी. दोन मिलिमीटरपर्यंतचा बाक बिजागरीच्या मागच्या स्क्रूने लपवता येतो. त्याहून जास्त बाक बहुधा फक्त पुढच्या बाजूला सनमायका लावून मागची बाजू तशीच सोडल्यामुळे येतो. दमट हवेत उघडी बाजू ओलावा शोषून फुगते आणि बंद बाजू फुगत नाही. असे शटर सरळ होत नाही. दोन्ही बाजूंना लॅमिनेट आणि चारही कडांना एज बँड (कडा झाकणारी पट्टी) लावलेले दुसरे शटर करून घ्यावे लागते.

कुठे थांबावे

भिंतीवरचा टांगता खोका भिंतीपासून सुटलेला दिसला, तर शटरचा विचार बाजूला ठेवून तो त्याच वेळी रिकामा करावा, खाली कोणी उभे राहू नये आणि कारागिराला बोलवावे. ओट्याचा ग्रॅनाइट लाकडी खोक्यांवर टेकलेला असेल, तर कोणतीही उभी फळी स्वतः काढू नये. गॅसची नळी किंवा विजेची तार ज्या फळीमागून जाते, त्या फळीत भोक पाडू नये. वरच्या दिशेने उघडणाऱ्या शटरचा गॅस पंप स्वतः उघडू नये. तो दाबाखाली असतो आणि जोराने सुटू शकतो. फळीत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी आहे आणि सुतारकामाआधी वाळवीचा उपचार झाला पाहिजे. खोक्याचा तळ बोटाने दाबला जात असेल किंवा एकच छिद्र दुसऱ्यांदा सुटले असेल, तर तो खोकाच बदलावा. त्यात पुन्हा खुंटी ठोकू नये.

कारागीर येण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर तयार ठेवाव्यात: शटरचे वजन व जाडी, बिजागरीचा क्रँक, दोन्ही कर्णांची मापे आणि चिकटपट्टीवरच्या तारखा. दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांनी सनमायकाचे तेच तीन तुकडे त्याच फटीत, वर आणि खाली पुन्हा घालून पाहावेत.